घरचा नाताळ: कुस्वाराचं ताट, कागदी तारा आणि गोठ्यातली नाचणी

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वसईत, माहीमला किंवा मडगावात शेजारच्या घरातून झाकलेलं ताट येतं. वरचा विणलेला रुमाल बाजूला केला की पहिली दिसते ती करंजी. तीच अर्धचंद्राची, कातण्याने कापलेल्या दातेरी कडेची, आत खोबरं, साखर, तीळ किंवा रव्याचं सारण. गोव्यात तिला नेवरी म्हणतात, आणि हिंदूंच्या घरी चवथीला जी होते ती हीच. तिच्या शेजारी शंखासारखे वळलेले कुलकुल, काळपट चकाकणाऱ्या दोदोलच्या फोडी, लालसर पेराद, हरभऱ्याच्या डाळीची आणि खोबऱ्याची वडी. केक असलाच तर एका कोपऱ्यात.

या ताटाला मंगळूरकडे आणि आता मुंबईतही ‘कुस्वार’ म्हणतात, गोव्यात ‘कोन्सुआद’. मूळ पोर्तुगीज शब्द ‘कोन्सुआदा’. पोर्तुगालमध्ये त्याचा अर्थ उपास सोडताना घ्यायचं हलकं खाणं आणि त्यावरून नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवण. समुद्र ओलांडल्यावर अर्थ बदलला. रात्री घरात बसून खायची गोष्ट शेजारी वाटायची गोष्ट झाली. आपला ‘नाताळ’ हा शब्दही असाच पोर्तुगीज ‘नताल’ वरून, म्हणजे जन्म, इथे रुळला. रुळला इतका की तो परका आहे हे सांगावं लागतं.

करंजी नाताळात शिरली कशी, याचं उत्तर मात्र एका ओळीत देता येत नाही. नव्याने ख्रिस्ती झालेल्या घरांनी जुना फराळ सोडला नाही, हे सोपं उत्तर, आणि बऱ्याच अंशी खरंही. पण पोर्तुगालच्या दक्षिणेकडे, आलेंतेझू भागात, नाताळात ‘अझेव्हिया’ तळतात. आकार अर्धचंद्राचा, आत हरभऱ्याचं किंवा रताळ्याचं गोड सारण. म्हणजे बाहेरून आलेल्या बाईने गोव्याच्या स्वयंपाकघरात नेवरी पाहिली असेल तर तिला ती ओळखीचीच वाटली असणार. कुलकुलचंही तसंच. नाताळात पीठ तळून साखर लावलेले ‘फिल्योश’ पोर्तुगालभर होतात. कुलकुलची कणीक नारळाच्या दुधात भिजवतात, सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबून गुंडाळतात, की अंगावर रेघा उठतात. कोकणीत त्यांना ‘किडयो’, म्हणजे किडे, म्हणतात. खाण्याच्या पदार्थाला इतकं प्रामाणिक नाव क्वचितच मिळतं. हे वळण्याचं काम एकटीचं नाही. पाचसहा जणी आणि हाताला येतील तितकी मुलं बसल्याशिवाय किलोभर पीठ संपत नाही.

आणि हे सगळं डिसेंबरातच का जमतं, तेही किनाऱ्यावरच्या शेतीत दडलेलं आहे. भात कापून झालेलं असतं, नवे तांदूळ घरात असतात, नारळ पाडलेले असतात. तळलेलं आणि आटवलेलं खाणं पंधरा दिवस टिकतं. दिवाळीच्या फराळामागचा हिशेब तोच.

गोवा पोर्तुगीजांनी १५१० साली घेतलं, मलय किनाऱ्यावरचं मलाक्का बंदर त्याच्या पुढच्या वर्षी. दोदोल या दुसऱ्या तारखेशी जोडलेला आहे. हा शब्द मलय-जावा भागातला. तिथे आजही तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि ताडवर्गीय झाडाचा गूळ आटवून दोदोल करतात. गोव्यातला दोदोल माडाच्या काळ्या गुळाचा. तासन्‌तास एकाच दिशेने घाटत राहायचं, कडेने तेल सुटेपर्यंत. पोर्तुगालमध्ये असा पदार्थच नाही. त्यामुळे ज्याला आपण ‘पोर्तुगीज नाताळ’ म्हणतो, त्यातला एक मानाचा पदार्थ प्रत्यक्षात पूर्वेकडच्या बंदरांतून आलेला आहे.

बेबिंका या थराथरांच्या गोड पदार्थाचं गूढ आणखी पुढचं. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठातल्या बेबियाना नावाच्या जोगिणीने तो शोधला, ही गोष्ट सगळे सांगतात. गोष्ट म्हणून छान. पण मकावमध्ये ‘बेबिंका’ आहे, फिलिपिन्समध्ये तांदळाचा ‘बिबिंगका’ आहे आणि तोही नाताळातच खातात. नाव एका बाईवरून पडलं असतं तर इतक्या बंदरांना कसं लागलं असतं? मठांचा हात नाही असं मात्र म्हणता येत नाही. अंड्यांचे ढीगभर पिवळे बलक आणि साखर हा पोर्तुगालच्या मठांतल्या मिठायांचा ठसा बेबिंकात स्पष्ट आहे. त्यात नारळाचं दूध आणि जायफळ आलं, आणि ओव्हनच्या जागी मातीचं भांडं: खाली मंद आच, वर झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे. एक थर ओतायचा, तो वरून लाल होऊ द्यायचा, तूप सोडायचं, मग पुढचा. परंपरेने थर सात, हौशी घरात सोळा. २०२३ साली ‘गोव्याचा बेबिंका’ला भौगोलिक मानांकन मिळालं.

बाकीच्या ताटात अदलाबदल अधिक सरळ आहे. पोर्तुगालमध्ये बिही नावाच्या आंबटसर फळाचा घट्ट मुरंबा करतात, मार्मेलादा. इथे बिही नव्हतं, अमेरिकेतून आलेला पेरू होता, म्हणून पेराद. बदामाचं मार्झिपॅन होतं, बदाम महाग. ब्राझीलहून आलेला काजू किनाऱ्यावर रुजला आणि मार्झिपॅन काजूचं झालं. मुंबईतल्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती, घरांत ते अजून साच्यात दाबून फुलं, मासे, पानं अशा आकारांत काढतात. रंग किती भडक असावा यावर दर वर्षी वाद होतो.

ही सगळी मिसळ गोडीगुलाबीने झाली असं समजू नये. गोव्यात १५६० साली धर्मन्यायालय बसलं आणि १८१२पर्यंत, मधला थोडा काळ वगळता, चाललं. १७३६ च्या त्याच्या फर्मानात ख्रिस्ती घरांनी काय करू नये याची लांबलचक जंत्री होती: तुळस लावू नये, बिनमिठाचा भात शिजवू नये, पुरुषांनी धोतर नेसू नये. चुलीपर्यंत पोचलेला कायदा होता तो. कोणतीही बंदी लोक काय करत होते याचीच साक्ष असते. लोक करत नसते तर लिहावी लागली नसती.

वसईची वाट वेगळी. गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली तो तह २३ डिसेंबर १५३४ चा, नाताळच्या दोन दिवस आधीचा. चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला १७३९ मध्ये. गोवा १९६१पर्यंत पोर्तुगीजांकडे राहिलं, वसई-साष्टी दोनशे वर्षांतच सुटली. त्यामुळे तिथल्या ख्रिस्ती समाजाची बोली मराठीच राहिली आणि सणाच्या ताटातही गोव्याइतकी पोर्तुगीज साखर नाही. तिथली ओळख तिखटात आहे. उन्हाळ्यात पंचवीस-तीस जिन्नस भाजून, कुटून, गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरलेला बाटली मसाला, नाताळात ताडीने आंबवलेल्या पिठाचे गोल फुगे आणि डुकराच्या मटणाचं इंद्याल. हे इंद्याल म्हणजे पोर्तुगीज ‘व्हिन्या द आल्योश’, वाइन आणि लसणात मुरवलेलं मांस. मदैरा बेटावर ते आजही नाताळचंच जेवण आहे. गोव्यात त्याचं विंदालू झालं आणि जगभरच्या हॉटेलांत गेलं. वसईत ते सणाचं राहिलं. माझ्या मते मूळ प्रथेशी जास्त इमान वसईनेच राखलं.

‘ईस्ट इंडियन’ हे नाव, ओघात सांगायचं तर, बरंच अलीकडचं. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, मुंबईत ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन झाली. नोकरीसाठी आलेल्या गोवेकर आणि मंगळुरी ख्रिश्चनांपेक्षा आपण इथले मूळचे, हे सरकारला कळावं म्हणून.

घाटावरचा नाताळ या दर्यावर्दी गोष्टीत बसत नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत १८१३ साली आले, अहमदनगरला १८३१ मध्ये. ते अमेरिकेतल्या ज्या न्यू इंग्लंडमधले, तिथल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. तिथून बेबिंका यायची शक्यताच नव्हती. नगरकडच्या घरांत नाताळला लाडू, चकली, शंकरपाळे होतात, पेटी-तबल्यावर मराठी भजनं होतात, आणि फराळाला फराळच म्हणतात.

आता सजावट. झाड सगळ्यात उशिरा आलं. जर्मन घरांतली ही रीत इंग्लंडात लोकप्रिय झाली ती १८४८ साली एका लंडनच्या साप्ताहिकाने राणीच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र छापल्यावर. ती साहेबांबरोबर मुंबईत आली. किनाऱ्यावर सूचिपर्णी झाड कुठून आणणार? सुरूची फांदी तोडायची, वाळूच्या डब्यात रोवायची, वर कापूस पिंजून टाकायचा. बर्फ आयुष्यात न पाहिलेल्या गावातला हा कापूस मला नेहमी गंमतीचा वाटत आला आहे.

तारा मात्र इथे केलेला, अगदी अंगच्या कसबाचा. बांबूच्या कामट्यांचे पाच टोकांचे दोन सारखे सांगाडे, टोकाला टोक बांधून एकमेकांवर ठेवायचे, आणि मधल्या पाच सांध्यांत बोटभर लांबीच्या काड्या उभ्या ठोकायच्या. त्या काड्यांनी ताऱ्याला पोट येतं. मग पतंगाचा कागद, गव्हाच्या पिठाची खळ, खाली झिरमिळ्या. मागे एक खिडकी ठेवायची, पूर्वी मेणबत्तीसाठी, नंतर दिव्यासाठी. आकाशकंदील ज्याने बांधला आहे त्याला यातलं काहीही शिकवावं लागत नाही. कामटी तीच, खळ तीच, सुतळीची गाठही तीच. फिलिपिन्समधला ‘पारोल’ जवळजवळ याच बांधणीचा. त्याचं नाव स्पॅनिश ‘फारोल’, म्हणजे कंदील, यावरून आलं. जर्मनीतला हेर्नहूटचा प्रसिद्ध कागदी तारा मात्र वेगळ्या घराण्यातला. तो १८३०च्या दशकात एका मोरेव्हियन शाळेत भूमितीचा धडा म्हणून सुरू झाला, त्याला टोकं भरपूर आणि सांगाडा नाहीच. अलीकडे प्लॅस्टिकचे घडीचे तारे स्वस्तात मिळतात. गोव्यात वाड्यावाड्यांतल्या तारा-स्पर्धांनी कामटीचा तारा तगवला, हे मान्य करायला हवं, जरी स्पर्धेपायी तारे माडाच्या उंचीचे होऊ लागले तरी.

गोठ्याचा देखावा सर्वांत जुना. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी गवत, बैल आणि गाढव आणून येशूजन्माचा देखावा उभा केला. गोव्यात आणि वसईत सुरुवातीला आलेल्या धर्मगुरूंमध्ये त्यांच्याच संघाचे लोक ठळक होते. आपल्या गोठ्याला पेंढा, माती, नारळाच्या झावळ्या शोधाव्या लागत नाहीत. गव्हाण म्हणजे काय हेही कुणाला समजावावं लागत नाही. मूर्ती विकतच्या असोत, भूभाग घरी होतो. गोणपाट खळीत किंवा पातळ सिमेंटात बुडवून उंचसखल वाळवलं की डोंगर, आरशाचा तुकडा म्हणजे तळं.

आणि शेत खरं असतं. पसरट ताटल्यांत माती घालून नाचणी, भात किंवा गहू पेरतात. कोवळे हिरवे कोंब गोठ्याभोवती मांडतात. पोर्तुगालच्या आल्गार्व्हमध्ये आणि मदैरावर बाळ येशूसमोर अशाच गव्हाच्या ताटल्या ठेवतात, पेरणी साधारण ८ डिसेंबरच्या, निष्कलंक मातेच्या सणाच्या सुमारास. ही रीत तिकडून आली की घटस्थापनेच्या टोपलीतून उचलली, यावर लोक तावातावाने बोलतात. घरात ताटली भरणारी बाई या वादात पडत नाही. तिला एवढंच पाहायचं असतं की कोंब चार बोटं उंच हवेत, पिवळे पडायला नकोत, म्हणून पहिले दिवस ताटली सावलीत ठेवायची, पाणी शिंपडायचं पण तुंबू द्यायचं नाही, आणि नाचणी १२-१३ तारखेच्या पुढे ढकलायची नाही.