कोवळ्या ज्वारीची विषबाधा : पार्श्वभूमी

पावसाने दडी मारली, ज्वारी गुडघ्याएवढीच राहून कोमेजली आणि मग एखादी सर येऊन नवे पोंगे फुटले, की गुरे दगावण्याचा धोका सर्वांत मोठा असतो. गावाकडे याला किराळ लागणे म्हणतात. ज्या ज्वारीच्या कडब्यावर जनावर वर्ष काढते, तिचीच ही बाधा. त्यामुळे येथे विषारी झाड ओळखून भागत नाही, पिकाची अवस्था ओळखावी लागते.

गुराख्यांना हे पूर्वीपासून ठाऊक होते, कारण मात्र उशिरा कळले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतातल्या काही मृत्यूंचा दोष ताटांत साठलेल्या सोऱ्याला, म्हणजे नायट्रेटला, दिला गेला. १९०२ मध्ये लंडनला रसायनशास्त्रज्ञ विंडहॅम डन्स्टन आणि थॉमस हेन्री यांनी कोवळ्या ज्वारीतून धुरिन नावाचे द्रव्य वेगळे केले आणि त्यातून हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे सायनाइडचे विष, सुटते हे दाखवले. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये ब्रुनिख यांनी चारापिकांतील या आम्लाची मोजमापे प्रसिद्ध केली. १९०६ मध्ये गिन्यार यांनी पिक्रेट कागदाची चाचणी दिली: चुरडलेली पाने बंद नळीत ठेवून वर पिवळा कागद टांगायचा, तो विटकरी झाला तर सायनाइड आहे. प्रयोगशाळेत चाऱ्याच्या झटपट तपासणीसाठी ही चाचणी आजही उपयोगी पडते.

धुरिन स्वतः फारसे घातक नाही. पानात ते एका जागी आणि त्याला फोडणारे विकर (एन्झाइम) दुसऱ्या जागी असते. पान चघळले, चुरडले वा कोमेजले की दोन्ही एकत्र येतात आणि विष सुटते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील जंतूही धुरिन फोडतात, म्हणून गाई-म्हशींना घोड्यापेक्षा धोका अधिक. रोपे, फुटवे, खोडव्याचे धुमारे यांत प्रमाण सर्वाधिक असते. पाण्याचा ताण आणि भरमसाट युरिया ते आणखी वाढवतात.

हायड्रोसायनिक आम्लाची मारक मात्रा जनावराच्या वजनाच्या दर किलोला सुमारे २ मिलिग्रॅम. म्हणजे ३०० किलोच्या गाईला ६०० मिलिग्रॅम. हिरव्या चाऱ्यात किलोमागे २०० मिलिग्रॅम असेल, तर भुकेल्या गाईने झपाट्याने खाल्लेला तीन किलो चारा पुरतो. तोच चारा दिवसभरात थोडाथोडा पोटात गेला तर यकृत बरेचसे विष निकामी करते. म्हणूनच शेतात सोडण्यापूर्वी दावणीला कडबा घालण्याची जुनी रीत शास्त्राला धरून आहे.

कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, निम्मे फुलोऱ्यात आल्यावर कापावे. कापून तासभर सुकवले की विष उडाले, हा समज घातक आहे. पूर्ण वाळलेल्या चाऱ्यातच ते बरेच घटते. मुरघासात, म्हणजे खड्ड्यात दाबून मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यातही घटते, पण खड्डा तीन-चार आठवड्यांआधी उघडू नये.

लक्षणे काही मिनिटांत दिसतात: धाप, लाळ, थरथर, झोकांड्या, झटके. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. म्हणून डोळ्यांची व हिरड्यांची त्वचा लालभडक होते. अमेरिकेत चेन आणि सहकाऱ्यांनी १९३३ च्या सुमारास सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट यांची जोडी मांडली. पशुवैद्य आजही तीच शिरेतून देतात: नायट्राइट किलोला १० ते २० मिलिग्रॅम, मग थायोसल्फेट किलोला ५०० मिलिग्रॅम. शिवाय पोटातले विष बांधण्यासाठी गाईला ३० ग्रॅम थायोसल्फेट तोंडावाटे तासातासाने देता येते.

येथे सोऱ्याचा तो जुना संशय पुन्हा महत्त्वाचा ठरतो. अवर्षणातल्या ज्वारीत नायट्रेटही खरोखर साठते आणि त्या बाधेत रक्त चॉकलेटी दिसते. पोटात नायट्रेटचे नायट्राइटच बनते, म्हणून अशा जनावराला नायट्राइट टोचले तर ते हमखास आणखी खालावते. म्हणून सुई उचलण्याआधी पशुवैद्याने रक्ताचा रंग पाहिलाच पाहिजे.