चेहऱ्यावरच्या मुंग्या

जुलैतली दुपार. बाहेर धो धो पाऊस, गिरगावातल्या आमच्या चाळीच्या खोलीत भरदिवसा ट्यूबलाइट लावलेली. भाचीची ऑनलाइन मुलाखत तासावर आलेली आणि लॅपटॉपच्या पडद्यावर तिच्या चेहऱ्यावर जुन्या टीव्हीसारख्या मुंग्या नाचत होत्या. "मामा, नेट गंडलंय," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. मी वायफाय बंद केलं आणि तिला नुसतं कॅमेऱ्याचं अ‍ॅप उघडायला सांगितलं. नेट नव्हतं, मुंग्या होत्याच.

हा गैरसमज घरोघरी आहे. नेट रडलं की चित्र अडकतं, त्याचे चौकोन पडतात. मुंग्या मात्र कॅमेऱ्यातच जन्मतात, आणि त्यांचं कारण मला भौतिकशास्त्रातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं.

प्रकाश कणाकणाने येतो. या कणांना फोटॉन म्हणतात, आणि ते पावसाच्या थेंबांसारखे येतील तसे येतात. गॅलरीच्या कठड्यावर एकसारख्या वाट्या मांडा आणि थोड्याच वेळात प्रत्येकीत किती थेंब पडले ते मोजा. सरासरी १०० असली, तरी एकीत ९२ निघतील, शेजारच्या वाटीत १०९. हा फरक साधारण सरासरीच्या वर्गमुळाइतका असतो. १०० चं वर्गमूळ १०, म्हणजे १० टक्के. आता वाट्यांऐवजी नऊपट तोंडाची पातेली ठेवा. थेंब ९००, वर्गमूळ ३०, फरक जेमतेम ३.३ टक्के. पाऊस तोच, पण मोजणी तिपटीने नेमकी झाली!

सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा तुकडा. त्यावरचा प्रत्येक पिक्सेल, म्हणजे बारीक ठिपका, ही अशी एक वाटी. शेजारशेजारच्या पिक्सेलांवर एकच गाल उमटलेला असला, तरी त्यांचे आकडे वेगळे येतात आणि पुढच्या फ्रेमला, म्हणजे व्हिडिओतल्या पुढच्या चित्राला, पुन्हा बदलतात. याच त्या मुंग्या. शास्त्रीय भाषेत 'शॉट नॉइज'. कितीही महागाचा सेन्सर आणला तरी त्या शून्य होत नाहीत, कारण हा प्रकाशाचाच स्वभाव आहे. आपल्या हातात एवढंच, की जास्त फोटॉन गोळा करायचे.

इथे लॅपटॉपच्या कॅमेऱ्याऐवजी फोनचा कॅमेरा कामाला येतो. लॅपटॉपचं झाकण इतकं पातळ, की त्यात मावणारा सेन्सर बहुधा अडीच-तीन मिलिमीटर रुंदीचा असतो. चांगल्या फोनच्या मागच्या मुख्य कॅमेऱ्याचा सात-आठ मिलिमीटर. रुंदी जवळपास तिप्पट, म्हणून क्षेत्रफळ जवळपास नऊपट. खोक्यावर छापलेल्या मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका. तेवढ्याच जागेत वाट्या वाढवल्या, तर प्रत्येक वाटी लहानच होणार.

मुंग्या आणखी एक नुकसान करतात. १९२० × १०८० पिक्सेल, सेकंदाला ३० फ्रेम, पिक्सेलमागे २ बाइट असा हिशेब केला, तर कच्चा व्हिडिओ सेकंदाला जवळजवळ १००० मेगाबिट होतो. व्हिडिओ कॉल तो दोन-चार मेगाबिटांत बसवतो, ते 'मागच्या फ्रेमपेक्षा काय बदललं' तेवढंच पाठवून. भिंत तशीच असेल तर तिच्यावर खर्च जवळपास नाही. पण मुंग्या असल्या की प्रत्येक फ्रेममध्ये भिंतही बदललेली दिसते. बिट तिच्यावर उधळले जातात आणि डोळे-ओठ धूसर होतात.

जोडणी सोपी आहे. अँड्रॉइड १४ पासून बऱ्याच फोनमध्ये यूएसबी लावल्यावर 'वेबकॅम' हा पर्याय येतो. २०२२ च्या आयओएस १६ आणि मॅकओएस व्हेंच्युरापासून आयफोन मॅकला वायरशिवायही जोडता येतो. बाकीच्यांसाठी ड्रॉइडकॅमसारखी अ‍ॅप आहेत. केबल मात्र डेटावाली हवी. आमची पहिली फक्त चार्जिंगची निघाली आणि दहा मिनिटं त्यात गेली.

तेवढ्यात शेजारच्या काकू 'फोनचं रेडिएशन अडवणारा' स्टिकर घेऊन आल्या. त्यांची काळजी खरी, पण स्टिकर ही निव्वळ फसवणूक आहे. त्याने खरोखर लहरी अडवल्या, तर टॉवरपर्यंत पोचायला फोन उलट जास्त शक्ती लावेल. आमचा फोन तर केबलवर होता, विमान मोडमध्ये.

डब्यांच्या उतरंडीवर फोन टेकवला आणि भाचीला गॅलरीकडे तोंड करून बसवलं. पावसाळी असला तरी उजेड आता थेट चेहऱ्यावर येत होता. मागच्या भिंतीवरचं कालनिर्णय लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात नुसता पांढरा, थरथरणारा चौकोन होता. आता त्यावरच्या तारखा वाचता येत होत्या.