फोटॉनची झेरॉक्स निघत नाही

प्रकाशापेक्षा वेगाने निरोप पाठवायची युक्ती १९८१ साली निक हर्बर्ट या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने लिहून काढली. लेखाच्या एका परीक्षकाने, जानकार्लो गिरार्दी यांनी, तो साफ नाकारला. दुसरे आशर पेरेस. लेख चूक आहे हे त्यांनाही दिसत होतं, तरी ते म्हणाले, छापा; चूक शोधताना भौतिकशास्त्राचं भलंच होईल. असा परीक्षक विरळाच!

एन्टँगलमेंट या क्वांटम नात्याने जोडलेला एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, तुमच्याकडे, दुसरा लांबच्या मैत्रिणीकडे. दोघांनी ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशलहर कशी डोलते ते, एकाच पद्धतीने मोजलं तर उत्तरं जुळतात. पण उत्तर उभं येणार की आडवं, हे तुमच्या हातात नसतं, ती नाणेफेक. मैत्रिणीलाही निम्मे उभे, निम्मे आडवे असेच दिसतात. जुळणी कळते ती दोघांच्या वह्या शेजारी ठेवल्यावर, आणि त्यासाठी फोन लागतोच.

हर्बर्टचं म्हणणं असं: उत्तर हातात नसेल, पण काय मोजायचं हे तर आहे! उभं-आडवं मोजलं तर ‘हो’, डावी-उजवी गिरकी (हाही ध्रुवीकरणाचाच प्रकार) मोजली तर ‘नाही’. मैत्रिणीने आपला फोटॉन लेझरमधून नेऊन भरपूर नकला काढायच्या. निम्म्या एका पद्धतीने तपासायच्या, निम्म्या दुसऱ्या. ज्या पद्धतीत सगळ्या नकलांचं उत्तर एकच येईल, ती तुम्ही वापरलेली.

इथेच घोडं पेंड खातं. १९८२ मध्ये वूटर्स आणि झुरेक यांनी, आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी दाखवलं की अनोळखी क्वांटम अवस्थेची (इथे फोटॉनच्या ध्रुवीकरणाची) हुबेहूब नक्कल काढणारं यंत्र असूच शकत नाही. गिरकी हे उभ्या-आडव्याचंच मिश्रण. उभ्याच्या आणि आडव्याच्या चोख नकला काढणाऱ्या यंत्रात गिरकीवाला फोटॉन घातला, तर गिरकीच्या दोन प्रती मिळत नाहीत. ‘दोन्ही उभे’ आणि ‘दोन्ही आडवे’ यांचं भलतंच मिश्रण हाती येतं. लेझर तर नकलांमध्ये स्वतःचा गोंगाटही मिसळतो.

निरोपाला निरुपयोगी ठरलेली ती नाणेफेक मजकूर कुलूपबंद करणाऱ्या गुप्त किल्लीसाठी मात्र अगदी हवी तशी असते: कुणालाच आधी माहीत नसलेली, पण दोघांकडे सारखीच. चोरून ऐकणाऱ्यालाही फोटॉनची नक्कल काढता येत नाही. चीनच्या मिशियस उपग्रहाने ११२० किलोमीटर अंतरावरच्या दोन केंद्रांना अशा जोड्या पुरवून किल्ली तयार करून दिली, त्याचा अहवाल २०२० मध्ये आला. कुलूपबंद मजकूर नेहमीच्याच मार्गाने पाठवायचा. आणि किल्ली बनण्याचा वेग? सेकंदाला ०.१२ बिट, म्हणजे एका बिटला साधारण आठ सेकंद.