ऑन टेंटरहुक्स

ऑन टेंटरहुक्स म्हणजे आपल्याकडचं जीव टांगणीला लागणं, जवळपास तसंच्या तसं. निकाल, रिपोर्ट, कुणाचा तरी फोन, काहीतरी यायचंय आणि येत नाहीये, अशा वेळी इंग्रजीत माणूस ऑन टेंटरहुक्स असतो. पुष्कळ जण टेंडरहुक्स म्हणतात, खुद्द इंग्रजसुद्धा, पण टेंडर भरण्याशी याचा काही संबंध नाही.

शब्द कापडाच्या धंद्यातला आहे, म्हणजे सोलापूरकराला तो डिक्शनरीच्या आधी कळायला पाहिजे. इंग्लंडात लोकरीचं कापड मागावरून उतरलं की त्यातलं तेल, मळ काढायला मुलतानी मातीसारखी माती घालून ते पाण्यात तुडवायचे, आणि ते ओलं कापड नुसतं वाळत टाकलं तर आटणार, कडा वाकड्या होणार, म्हणून मोकळ्या मैदानात लाकडी चौकटी उभ्या करायच्या, त्यांना आकडे ठोकलेले, त्यात कापडाच्या कडा अडकवून ताणून वाळवायचं. चौकट ती टेंटर, आकडे ते टेंटरहुक्स. लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात टेंटर ग्राउंड नावाचा रस्ता अजून आहे, आपल्याकडे गिरणी बंद पडली तरी जुनी मिल हे नाव राहिलं तसंच. मनाच्या अवस्थेसाठी टेंटरहुक्स १७४८ च्या एका इंग्रजी कादंबरीत आलेलं सापडतं.

आपल्या चादरी आणि टॉवेल सुती, त्यांना असलं तुडवणं नाही. पण प्रोसेस हाऊसमधलं, म्हणजे कापड रंगवून तयार करणाऱ्या कारखान्यातलं, स्टेंटर मशीन ज्यानं बघितलंय त्याला वेगळं सांगायला नको, दोन्ही बाजूच्या साखळ्यांवरच्या पिना किंवा क्लिपा कापडाच्या कडा धरतात आणि पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कायम ठेवून गरम हवेतून पुढं नेतात. नावसुद्धा टेंटरचंच भावंड.

खरी गंमत ताण या शब्दात आहे. मागावरचा ताणा, डोक्यावरचा ताण, दोन्ही संस्कृत तन् वरून. टेंटर आणि आपलं रोजचं टेन्शन हे लॅटिनमधल्या ताणण्याच्या क्रियापदावरून, आणि ते क्रियापद आणि आपलं तन् मुळात एकाच घरचे. म्हणून 'चिंतेत असणे' हा भाषांतराच्या पुस्तकातला अर्थ मला फिका वाटतो, त्यात ताणच नाही.

वापरताना हुक्स अनेकवचनीच ठेवायचं, आणि वाट बघणं असेल तरच. पगार कमी आहे म्हणून कुणी ऑन टेंटरहुक्स नसतं. जुलै संपत आला, उजनी धरण भरलं नाही आणि रोज टक्केवारी बघतोय, तेव्हा अख्खं सोलापूर असतं. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे देव पाण्यात घालून बसणं.