‘केलंय’ की ‘करतोय’? मुलाखतीला जाण्याआधी एवढं वाचा

बेळगावच्या उद्यमबागेतला कारखाना असो की पुण्या-बंगळूरची कंपनी, मुलाखतीत एक प्रश्न ठरलेला: सध्याच्या ठिकाणी किती वर्षं काम करताय? खानापूर, निपाणी, यळ्ळूरकडून आमच्या इंग्रजीच्या वर्गाला येणारी हुशार मुलंही पटकन सांगतात, ‘आय ॲम वर्किंग सिन्स फाइव्ह इयर्स.’ काम येतं, अनुभव आहे, आणि पहिल्याच वाक्याला अडखळायला होतं. याचं आम्हाला फार वाईट वाटतं, कारण ही चूक आठवडाभराच्या सरावानं जाते.

बरोबर वाक्य: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स.’ काम मागे सुरू झालं, अजून चालू आहे. मराठीत ‘पाच वर्षांपासून करतोय’ म्हटलं की भागतं. इंग्रजीत ते मागून चालत आलेलं काम ‘हॅव बीन’नं दाखवावं लागतं. किती काळ, ते सांगायला ‘फॉर’. कधीपासून, ते सांगायला ‘सिन्स’: ‘सिन्स 2019’.

आता लेथवर उभ्या माणसाचं उदाहरण घ्या. सकाळपासून तो बुश (धातूच्या छोट्या नळ्या) टर्न करतोय, म्हणजे कातून काढतोय: ‘आय हॅव बीन टर्निंग बुशेस सिन्स धिस मॉर्निंग.’ सुपरवायझरनं विचारलं, किती झाले? ‘आय हॅव टर्न्ड फॉर्टी.’ इथं ‘हॅव बीन टर्निंग फॉर्टी’ चालत नाही. किती नग झाले, किती वेळा केलं, काम हातावेगळं झालं का, हे सांगताना ‘बीन’ येत नाही. काम किती वेळ चाललंय यावर भर असेल, किंवा कपड्यांना ऑइल लागलंय त्याचं कारण सांगायचं असेल, तर ‘हॅव बीन’; मग काम संपलेलं असो वा नसो.

‘लिव्ह’ आणि ‘वर्क’ या क्रियापदांना कालावधी जोडला, तर दोन्ही रूपं चालतात. ‘आय हॅव लिव्ह्ड इन शहापूर फॉर टेन इयर्स’ हेही बरोबर, त्यात अडकून पडू नका. पण ओळख असणं, मालकीचं असणं अशा अर्थाला ‘इंग’ लावू नका: ‘आय हॅव नोन हिम सिन्स 2015.’

शेवटचं, आणि आपल्याकडे सर्रास चुकणारं: ‘अर्ज काल दिलाय’ हे मराठीत चालतं. इंग्रजीत ‘यस्टरडे’ आला की ‘हॅव’ जातो: ‘आय सबमिटेड इट यस्टरडे.’

स्वतःच्या कामाबद्दल दहा वाक्यं लिहून वर्गात या. दुरुस्त करून, मोठ्यानं म्हणवून घेऊ.