ऑनलाइन बुद्धिबळातली चीटिंग ओळखणं

समोरचा स्वतःच्या डोक्याने खेळतोय की बाजूला दुसऱ्या मोबाईलवर स्टॉकफिश (अचूक चाल सांगणारा प्रोग्रॅम, म्हणजे इंजिन) उघडून बसलाय, हे नुसत्या चालींवरून ठरवणं म्हणजे ही चीटिंग ओळखणं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये चेस डॉट कॉम आणि लिचेस या बुद्धिबळाच्या साइट्सवर झुंबड उडाली तेव्हापासून हा विषय फार वाढला. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे तर हरलेल्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं, "इंजिन लावलंन मेल्याने!" बहुतेक वेळा लावलेलं नसतं.

एका गेमवरून माणसाला हे नीट कळत नाही. अ‍ॅक्युरसी (चाली इंजिनच्या चालींच्या किती जवळ, याचा शंभरपैकी आकडा) ९५ आली की बोंब सुरू होते, पण पाठ केलेल्या ओपनिंगच्या चाली इंजिनशी जुळणारच, मोहरं परत मारायची चाल बऱ्याचदा एकच असते, आणि तुम्हीच पंधराव्या चालीला वजीर फुकट घातलात तर पुढे कोणीही अचूकच दिसतो.

त्यातल्या त्यात नजरेत भरते ती वेळ. म्हणजे तुम्ही त्याचा हत्ती मारलात, परत मारायला एकच चाल, पोरसुद्धा झटकन खेळेल, आणि हा सात सेकंद घेतो. मग डाव पार गुंतलेला असताना राजा गुपचूप एक घर सरकवायची चाल, जी ग्रँडमास्टरलाही विचार करायला लावेल, तिलाही सातच सेकंद. आता आपल्याकडे पावसात लाइट गेली की टॉवर झोपतो, चाल उशिरा पोचते आणि संशय येतो, पण रेंजमुळे वेळ कशीही वेडीवाकडी होते, लबाडाची मात्र एकसारखी असते. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

नवशिका लगेच सापडतो. जून २०२१ मध्ये झिरोधाचा सहसंस्थापक निखिल कामतने चॅरिटी सामन्यात चक्क विश्वनाथन आनंदला हरवलं, लोकांना लगेच शंका आली आणि दुसऱ्या दिवशी त्याने मदत घेतल्याचं कबूलही केलं. खरी पंचाईत तगड्या खेळाडूची, त्याला अख्ख्या डावात एखाददुसरा इशारा पुरतो. तिथे आकडेमोडच लागते: अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठाचे प्रोफेसर केनेथ रीगन हे, अमुक रेटिंगच्या (खेळाडूच्या ताकदीचा आकडा) माणसाच्या चाली इंजिनशी किती वेळा जुळायला हव्यात याचा अंदाज काढून खेळाडू त्याच्या किती वर गेला ते मोजतात, लिचेसकडे अर्विन आणि कलादिन हे चीटिंग शोधणारे प्रोग्रॅम आहेत. त्यासाठी एक नाही, बरेच गेम लागतात. लबाड खेळाडू बॅन झाला की तुमचे गेलेले रेटिंग पॉइंट परत मिळतात, त्यामुळे चॅटमध्ये शिव्या घालण्यापेक्षा रिपोर्ट करावा.

मोठमोठ्यांचा अंदाजही पुरावा ठरत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सिंकफिल्ड कप या अमेरिकेतल्या स्पर्धेत तरुण ग्रँडमास्टर हान्स नीमनकडून हरल्यावर तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन चीटिंगच्या संशयावरून स्पर्धाच सोडून गेला. नीमनने १२ आणि १६ व्या वर्षी ऑनलाइन चीटिंग केल्याचं स्वतःच सांगितलं, चेस डॉट कॉमच्या ७२ पानी रिपोर्टने तर शंभरावर ऑनलाइन गेम संशयास्पद ठरवले, पण त्या समोरासमोरच्या डावात काही केल्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही, आणि सबळ कारणाशिवाय स्पर्धा सोडली म्हणून फिडेने (जागतिक बुद्धिबळ संघटना) २०२३ मध्ये दंड केला तो कार्लसनलाच, १०,००० युरो.