भर उन्हाळ्यात छापलेला बर्फ

जपानी चित्रकार उतागावा हिरोशिगेच्या ‘आसाकुसा किनर्यूझान’ या लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्रात जिकडे पाहावं तिकडे बर्फ आहे. जमिनीवर, छपरांवर, झाडांच्या फांद्यांवर आणि हवेतही. अगदी समोर एक प्रचंड लाल कंदील लोंबतो आहे, इतका मोठा की त्याचा वरचा भाग चित्राच्या कडेने कापला गेला आहे. डावीकडे दरवाज्याची चौकट आहे. पलीकडे छत्र्या घेऊन देवळाकडे निघालेली माणसं, दूरचा लाल दरवाजा आणि उजव्या हाताला पाच मजली पॅगोडा. त्या काळी जपानमध्ये कुठलंही चित्र विक्रीला काढण्याआधी सरकारी मंजुरी घ्यावी लागे आणि मंजुरीच्या शिक्क्यात वर्ष-महिना असे. या चित्रावरचा शिक्का सांगतो : ड्रॅगनचं वर्ष, सातवा महिना. आपल्या कालगणनेत १८५६ सालचा साधारण ऑगस्ट.

ऑगस्टमध्ये टोकियोत अंगाची काहिली होत असते. भर उन्हाळ्यात बर्फाचं चित्र का काढलं असावं, याचा धागा आदल्या वर्षाच्या ११ नोव्हेंबरच्या रात्रीपर्यंत जातो. १८५५ च्या त्या रात्री एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, सुमारे ७ तीव्रतेच्या भूकंपाने हादरवलं. हजारो माणसं दगावली, ठिकठिकाणी आगी लागल्या. आसाकुसा भागातलं सेन्सो-जी, म्हणजे चित्रातलंच देऊळ, मात्र उभं राहिलं. त्याचा पॅगोडाही पडला नाही. वाकला तो फक्त त्याच्या माथ्यावरचा धातूचा कळस. हा कळस १८५६ मध्ये, चित्र बाजारात येण्याच्या थोडं आधी, दुरुस्त होऊन पुन्हा सरळ झाला. चित्रातला कळस ताठ उभा आहे. जपानमध्ये लाल आणि पांढरा ही मंगलकार्याची रंगजोडी, म्हणून लाल देऊळ आणि पांढरा बर्फ हा देऊळ सावरल्याचा आनंद आहे, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. मला ते पटतं. शहर ढिगाऱ्यातून उभं राहत असताना त्याच शहरातल्या शंभर ठिकाणांची चित्रमालिका काढायला घेणारा चित्रकार ऋतू चुकेल असं वाटत नाही.

पण मुळात पॅगोडा का पडला नाही, आणि कळसच का वाकला?

हा पॅगोडा १६४८ चा, संपूर्ण लाकडी. त्याचे मजले जमिनीपासून माथ्यापर्यंत जाणाऱ्या सलग खांबांवर बांधलेले नव्हते. प्रत्येक मजला ही स्वतंत्र चौकट, खालच्या मजल्यावर नुसती बसवलेली, जेवणाच्या डब्याचे पुडे एकावर एक रचावेत तशी. जमीन हलली की मजले एकमेकांवर किंचित सरकतात आणि डुलतात. एक डावीकडे झुकला तर वरचा उजवीकडे. लाकडात लाकूड अडकवून केलेले शेकडो सांधे या हालचालीत एकमेकांवर घासतात आणि भूकंपाची ऊर्जा घर्षणात खर्ची पडते. कौलांनी जड झालेली लांबरुंद छपरं मजल्यांना जागेवर दाबून धरतात. शिवाय असा उंच, लवचीक मनोरा सावकाश डुलतो, तर जमिनीचे हादरे बहुतेकदा झटपट येतात. दोन्हींची लय जुळत नाही, त्यामुळे झोका वाढत जात नाही.

पॅगोड्याच्या मधोमध एक मोठा खांब असतो, शिनबाशिरा. गंमत अशी की हा खांब मजल्यांचं वजन पेलत नाही. तो मजल्यांमधून मोकळा वर जातो आणि पेलतो फक्त कळस. भूकंपात हा खांब नेमकं काय काम करतो, मजल्यांना आवरतो की नुसता साक्षीदार असतो, यावर अभियंत्यांमध्ये अजून एकमत नाही. कळसाचं मात्र समजण्यासारखं आहे. डुलणाऱ्या मनोऱ्याची हालचाल वर जावं तशी वाढत जाते आणि सर्वांत वर, छपराच्याही बाहेर, आधाराविना उभा असतो तो हा धातूचा दांडा. लाकडी सांधे सैल होऊन पुन्हा बसतात. धातू एकदा मर्यादेपलीकडे वाकला की वाकलेलाच राहतो.

सेन्सो-जीच्या अंगणातून आज सुमिदा नदीपलीकडे ६३४ मीटर उंच टोकियो स्कायट्री दिसतो. २०१२ मध्ये खुल्या झालेल्या या मनोऱ्याच्या पोटात ३७५ मीटर उंचीचा काँक्रीटचा खांब आहे. १२५ मीटरच्या वर तो बाहेरच्या पोलादी सांगाड्याला घट्ट जोडलेला नाही. दोघांच्या मध्ये हादरे शोषून घेणारे तेलाचे डँपर आहेत, त्यामुळे खांब आणि सांगाडा वेगवेगळ्या लयीत हलून एकमेकांना आवरतात. अभियंत्यांनी त्या खांबालाही शिनबाशिराच म्हटलं आहे.

या देवळाच्या कथेनुसार ६२८ साली दोन कोळी भावांच्या जाळ्यात सुमिदा नदीतून कान्नोनची मूर्ती आली. कान्नोन म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला हातात कमळ घेतलेला पद्मपाणी हे त्याचंच रूप; कान्हेरीतही तो आहे. सद्धर्मपुंडरीक सूत्रात अवलोकितेश्वराची तेहतीस रूपं सांगितली आहेत, त्यावरून जपानमध्ये तेहतीस देवळांच्या यात्रा ठरल्या. पूर्व जपानच्या बांदो यात्रेत सेन्सो-जी तेरावं. असं देऊळ पाहून घरी निघालेल्या यात्रेकरूला आठवण म्हणून परवडेल ती वस्तू म्हणजे ठशांवरून छापलेलं चित्र. ते हलकं, गुंडाळून नेण्याजोगं, आणि साध्या जेवणाच्या आसपासच्या किमतीत मिळणारं.

हे स्वस्त चित्र छापायला मात्र फार कठीण. त्यातला बर्फ छापलेलाच नाही. बर्फ म्हणजे कोरा कागद.

चित्रकार पातळ कागदावर रेषांचं चित्र देई. कोरणारा कारागीर ते डोंगरी चेरीच्या फळीवर उलटं चिकटवून कोरे, आणि त्यात मूळ चित्र कायमचं नष्ट होई. चेरीचं लाकूड घट्ट, बारीक पोताचं आणि सर्वत्र सारखं, त्यामुळे केसाएवढी रेषही तुटत नाही. मग प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा. आता हवेत तरंगणारा बर्फाचा एक कण घ्या. तो आकाशाच्या राखाडी रंगावर असेल तर आकाशाच्या ठशात तेवढा ठिपका खोल कोरावा लागतो, म्हणजे तिथे रंग लागत नाही. तो झाडाच्या गडद रंगावर येत असेल तर त्याही ठशात, नेमक्या त्याच जागी. अर्धा-एक मिलिमीटर जरी इकडचं तिकडे झालं तरी कण अर्धा झाकला जातो.

ही जुळणी दोन खाचांवर चाले. प्रत्येक ठशाच्या एका कोपऱ्यात काटकोनी खाच आणि शेजारच्या कडेला सरळ खाच. कागदाचा कोपरा एकीत आणि कड दुसरीत टेकवायची. याला केंतो म्हणतात. खाचा कितीही अचूक असल्या तरी कागद फसवू शकतो, कारण छपाई ओलसर कागदावर होते आणि ओला कागद फुगतो. पहिला रंग ओल्या कागदावर आणि पाचवा सुकत आलेल्यावर पडला तर सगळं चित्र सरकतं. म्हणून छापणारा सगळे कागद आदल्या दिवशी भिजवून, एकावर एक रचून, ओल सगळीकडे सारखी मुरेल याची काळजी घेई. हे जमलं की निम्मं काम फत्ते.

कागद कोझोचा. तुतीच्या कुळातल्या या झाडाच्या सालीच्या आतले तंतू सुमारे एक सेंटिमीटर लांब भरतात. आपल्या रोजच्या कागदातले लाकडाचे तंतू साधारण एक ते तीन मिलिमीटर. लांब तंतू एकमेकांत गुंतून राहतात, त्यामुळे ओला कागद दहा-पंधरा वेळा ठशावर घासूनही फाटत नाही. तो रंग पसरवू नये म्हणून त्यावर सरस आणि तुरटीचं पाणी फिरवलेलं असतं. सरसाने तंतूंमधल्या पोकळ्या भरतात, आणि तुरटीतलं ॲल्युमिनियम सरसाच्या रेणूंना एकमेकांशी बांधून तो थर पक्का करतं. मग पाण्यात कालवलेला रंग आणि तांदळाची खळ ठशावर ब्रशने पसरायची, कागद ठेवायचा आणि पाठीवरून बारेन फिरवायचा. बारेन म्हणजे बांबूच्या पानांच्या आवरणात गुंडाळलेली, वळलेल्या दोरीची चकती. तिच्या दाबाने रंग तंतूंच्या आत ढकलला जातो. तेलकट शाईसारखा त्याचा थर वर बसत नाही, म्हणून या चित्रांतले रंग कागदाच्या आतून उजळल्यासारखे दिसतात. बर्फाला उठाव हवा असेल तर रंग न लावलेल्या ठशावर कागद नुसता दाबतात. पांढऱ्यावर पांढरा उंचवटा, तिरप्या उजेडात दिसणारा.

रंगांबद्दल बोलायचं तर हिरोशिगेचं नाव निघताच निळा आठवतो. हा निळा बर्लिनचा. तिथे १७०६ च्या सुमारास डीसबाख नावाचा रंगकार लाल रंग बनवायला बसला होता. त्याच्या हातातला पोटॅश प्राण्यांच्या रक्तापासून केलेल्या तेलाने दूषित होता, आणि भांड्यात गडद निळा तयार झाला. तोच प्रशियन ब्लू. त्याच्या स्फटिकात काही लोह-अणूंनी दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात तर काहींनी तीन. प्रकाश पडला की एकाचा इलेक्ट्रॉन मधल्या सायनाइडच्या पुलावरून दुसऱ्याकडे उडी मारतो, आणि त्या उडीला लागणारी ऊर्जा नारिंगी-लाल प्रकाशातून घेतली जाते. परत येतो तो निळा. रंग इतका तीव्र की चिमूटभर पुरतो, आणि पाण्यात विरघळत नाही. नागासाकी बंदरातून तो जपानमध्ये येई; १८३० च्या आसपास स्वस्त झाला आणि ठसाचित्रांचं आकाशच बदललं. ठशावरचा रंग ओल्या ब्रशने एका बाजूला पातळ करत नेला की गडद निळा हळूहळू कागदात विरून जातो. याला बोकाशी म्हणतात. ठशावर त्याची कुठलीही खूण कोरलेली नसते. प्रत्येक प्रतीसाठी ती हातानेच नव्याने करायची. म्हणून एकाच चित्राच्या दोन प्रती कधी सारख्या नसतात, आणि घाईत काढलेल्या उशिराच्या प्रतींत आकाश अनेकदा सपाट झालेलं दिसतं.

त्याआधीचा निळा एका रानफुलातून येई. आपल्या बांधांवर पावसाळ्यात उगवणाऱ्या केन्याचा तो सख्खा भाऊ, शास्त्रीय नाव कोमेलिना कम्युनिस. फुलातलं रंगद्रव्य देखणं, पण पाण्यात सहज विरघळणारं आणि उजेडाने उडणारं. अठराव्या शतकातल्या चित्रांत आज जी आकाशं मळकट पिवळसर दिसतात, त्यांतली कितीतरी मुळात निळी होती. गुलाबी-लाल येई करडईच्या पाकळ्यांतून, तोही नाजूक. हळदीचा पिवळा तर उन्हात फार टिकतच नाही. खनिज रंग वेगळे : शेंदूर, हिंगूळ, हरताळ. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. तो फिका होत नाही पण काळवंडतो. हरताळ म्हणजे आर्सेनिकचा सल्फाइड. तो प्रशियन ब्लूमध्ये मिसळून केलेला हिरवा एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांत वारंवार सापडतो.

हे कळतं कसं? कागदाचा कणही न काढता. क्ष-किरण टाकले की आर्सेनिक, शिसं, पारा, लोह आपापल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत सोडतात. त्यावरून हरताळ, शेंदूर, हिंगूळ ओळखू येतात. वनस्पतिजन्य रंगांत असे जड अणू नसतात, तिथे परावर्तित प्रकाशाचा आलेख किंवा चमक तपासतात. कारखान्यातले कृत्रिम रंगही याच पद्धतीने पकडले गेले. १८६० च्या दशकात ते जपानी चित्रांत शिरू लागतात. चित्रात असा रंग सापडला तर शिक्का काहीही सांगो, ती प्रत त्याआधीची असू शकत नाही.

प्रशियन ब्लूचा एक गुण मला विशेष आवडतो. जोरदार उजेडात तो थोडा फिका पडतो, कारण त्यातल्या लोहाला एक इलेक्ट्रॉन परत मिळतो. अंधारात ठेवला की हवेतला ऑक्सिजन तो इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि निळा बराचसा परत येतो. करडईच्या लालाला ही सोय नाही. गेला तो गेला. अल्कली मात्र प्रशियन ब्लूला सोसत नाही, त्याचा तपकिरी लोह-हायड्रॉक्साइड होतो. त्यामुळे कागदाचं आम्ल मारायला अल्कली वापरण्याची एरवीची चांगली सवय इथे घातक ठरते.

म्हणूनच संग्रहालयं ही चित्रं मंद उजेडात, काही आठवडे किंवा महिनेच बाहेर काढतात. हे चित्र ज्यातलं आहे त्या शंभर ठिकाणांच्या मालिकेचा संपूर्ण संच न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियमकडे आहे. २०२४ मध्ये तो मांडला तेव्हा मधे चोवीस वर्षं गेली होती. रांगेत उभ्या प्रेक्षकाला राग येणं साहजिक आहे, पण मी संग्रहालयाच्याच बाजूने आहे.

चित्रातलं देऊळ आज तसं राहिलेलं नाही. कामिनारीमोन, म्हणजे कंदील लोंबणारा तो दरवाजा, १८६५ च्या आगीत गेला आणि तब्बल ९५ वर्षांनी, १९६० मध्ये, उद्योगपती कोनोसुके मात्सुशिता यांच्या देणगीतून पुन्हा उभा राहिला. १९२३ च्या महाभूकंपातूनही तगलेला पॅगोडा मार्च १९४५ च्या बॉम्बवर्षावात जळाला. नवा १९७३ मध्ये बांधला, पण जुन्या जागेवर नाही. चित्रात दरवाज्यातून पाहताना तो उजवीकडे दिसतो. आज तिथे जाणाऱ्याने तो डावीकडे शोधावा.